दाजींच्या ताटाला सोबत

बारामतीहून परत आल्यापासून चिपळुणात जो भेटतो तो विचारतो, काय काय पाहिलंत? लोक तिकडं शेती बघायला जातात, साखर कारखाने बघायला जातात, थंडीत पक्षी बघायला जातात. मी जेवायला गेलो होतो. हे कारण सांगितलं की माणसं हसतात आणि पुढचं सांगितलं की गप्प होतात. म्हणून एकदा ओळीनं लिहून टाकतो.

माझी थोरली बहीण जैनब, म्हणजे आमची आपा, लग्न होऊन बारामतीला गेली त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. दाजींचं नाव रशीदभाई. त्यांचं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीतली मोटर जळली की आसपासच्या गावांतला माणूस आधी दाजींकडं येतो आणि मग देवाकडं जातो. गेल्या दिवाळीच्या सुमाराला त्यांचा खोकला हटेना म्हणून तपासण्या झाल्या आणि फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. केमो सुरू झाली.

आता यात माझं काय काम? तर दाजींचं आणि माझं एक जुनं नातं आहे, कोलेस्टेरॉलचं. दोघांचंही वर्षानुवर्षं चढलेलं. परीक्षेचे मार्क विचारावेत तसे आम्ही फोनवर एकमेकांचे आकडे विचारायचो आणि ज्याचा जास्त तो त्या वर्षी बिर्याणीचा मानकरी. केमोच्या आधीच्या तपासणीत दाजींचं कोलेस्टेरॉल एकदम खाली आलेलं दिसलं. दाजींनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं की ते पास झाले. गल्लीतही सांगितलं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा मात्र रिपोर्ट बघून पडला. त्यांनी आपाला बाजूला घेऊन समजावलं की या आजारात कोलेस्टेरॉल असं आपोआप उतरणं ही बहुतेक वेळा चांगली खूण नसते. पोटात अन्न जात नाही, अंग झिजतंय, असा त्याचा अर्थ निघू शकतो. अशा पेशंटला केमो सोसणंही जड जातं. वजन आणखी घटलं तर पुढची केमो लांबवावी लागेल.

आपानं फोनवर हे सगळं सांगितलं आणि मग मुद्द्यावर आली. दाजींनी उभ्या जन्मात एकट्यानं जेवण केलेलं नाही. दुकानातलं गिऱ्हाईक, वाटसरू, कुणीतरी ताटाला लागतंच. पण आजारपणापासून लोक येतात, खुर्चीच्या कडेवर बसतात, आजाऱ्यासमोर कसं खायचं म्हणून चहाही नको म्हणतात आणि जातात. दाजी एकटे ताटाकडं बघत बसतात.

"तुझ्याइतका खादाड आणि निर्लज्ज माणूस आमच्यात दुसरा नाही," आपा म्हणाली. "चार दिवस येऊन जा."

शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली, पण माझ्या अंगच्या गुणांची इतकी स्वच्छ नोंद कुणी घेतली नव्हती. अडचण एकच होती. नेमक्या त्याच आठवड्यात माझ्या डॉक्टरांनी माझं मटण, अंड्याचं पिवळं आणि आयुष्यातला बाकीचा आनंद बंद केला होता. रेहानानं, म्हणजे माझ्या बायकोनं, ओट्सचा मोठा पुडा आणि जवसाची चटणी बांधून दिली आणि शपथ घातली. मी ती शपथ घाटाच्या पायथ्यापर्यंत निष्ठेनं पाळली.

बारामती

एस.टी. स्टँडवर उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आमच्याकडं ऊन झाडांमधून गाळून येतं, इथं ते थेट येतं. रस्ते मात्र असे गुळगुळीत आणि रुंद की चिपळूणच्या माणसाला आपण चुकून भलतीकडं उतरलो असं वाटावं. उसानं भरलेल्या ट्रॉल्या गाणी वाजवत चालल्या होत्या.

दाजी दारातच उभे होते. गडी पूर्वी दार भरून उभा राहायचा. आता त्यांच्या दोन्ही बाजूंनी आतली भिंत दिसत होती. डोक्यावरचे केस गेले होते, मिशा गेल्या होत्या. मी काय बोलावं हे शोधत होतो, तर त्यांनीच टक्कल पुढं केलं.

"बघा पाव्हणं. इतकी वर्सं तुमच्या टकलाला हसलो. फेडलं."

रात्रीच्या जेवणाला आपानं मटण केलं होतं. इकडचा रस्सा म्हणजे काळा मसाला, भाजलेलं सुकं खोबरं आणि वर तेलाचा असा तवंग की त्यात तोंड बघून भांग पाडावा. सोबत ज्वारीची भाकरी. आमच्याकडं ओला नारळ आणि तांदळाची भाकरी, त्यामुळं आपाच्या घरी पहिल्या घासाला मला दरवेळी ठसका लागतो आणि दरवेळी दाजी खूश होतात. याही वेळी झाले. पण मी दुसरी भाकरी कुस्करायला घेतली तरी त्यांची पहिलीच तशीच होती. दोन घास खाऊन त्यांनी ताट सरकवलं. सगळं लोखंड चाटल्यासारखं लागतं म्हणाले. मग भिंतीला टेकून, फडात कुस्ती बघावी तसं माझं जेवण बघत बसले. रस्सा उजवीकडून घ्या, नळी आधी फोडा, अशा सूचना चालू होत्या. मी त्यांना दाखवायला म्हणून वाहवा करत जेवलो. पुन्हा वाढून घेतलं. परत वाहवा केली. शेवटी उठायला आपाचा हात धरावा लागला.

दाजींचं ताट होतं तिथंच होतं. आपा ते झाकून आत घेऊन गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

सोबत द्यायची युक्ती पहिल्याच दिवशी फसली होती. माझं वजन तेवढं वाढलं होतं.

वरकुटे

दुसऱ्या दिवशी दाजींचे जिवलग मित्र तात्या स्वतःची गाडी घेऊन आले. तात्या इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याचे. त्यांची डाळिंबाची बाग आहे आणि बागेपेक्षा मोठा आवाज आहे. तात्यांची पहिली जळलेली मोटर दाजींनी नवी तार भरून दिली तेव्हापासूनची दोघांची दोस्ती. घरात बसून भूक लागत नसते, रानात चला, असं म्हणून त्यांनी आपासकट आम्हाला गाडीत घातलं. डॉक्टरीणबाईंनी गर्दीत जायला मनाई केली होती, पण तात्या एकटेच गर्दी आहेत हे त्यांना माहीत नसावं.

पिंपळी गाव मागं पडलं तसा दोन्हीकडं ऊस लागला आणि त्यानंतर डाळिंबाच्या बागा. झाडांना पांढरी कापडं गुंडाळलेली. लांबून पाहिलं तर आजारी माणसांचा मेळावा भरल्यासारखं वाटलं. मी हे बोललो नाही. दाजीच बोलले. म्हणाले, ह्यांचीबी केमो चालली वाटतं.

दाजींच्या कोलेस्टेरॉलची बातमी वरकुट्यात आमच्या आधी पोचली होती. तात्यांच्या मोबाइलवर कुणीतरी पाठवलं होतं की कोलेस्टेरॉल कमी झालं तर तूप पाजावं, रोग मुळासकट जातो. तात्यांनी ते वाचलं आणि वाड्यावस्त्यांना कळवलं. आम्ही ओट्यावर टेकतो न टेकतो तोच माणसं यायला लागली. कुणाच्या हातात बरणी, कुणाच्या हातात किटली. म्हशीचं तूप, गाईचं तूप, एका आजीबाईंनी तर हे तूप आपल्या नातवाच्या बारशापासूनचं आहे असं अभिमानानं सांगितलं. डॉक्टरांनी तुपाला औषध म्हटलेलं नाही, जे पचेल ते ताजं आणि शिजवलेलं थोडं थोडं खायला सांगितलंय, हे मी दोनदा सांगून पाहिलं. पण चित्रकलेच्या मास्तराचं वैद्यकीय मत कुणी मनावर घेत नाही.

तात्यांनी तूप कोमट करून वाटी भरली. दाजींच्या नाकाशी नेली आणि दाजींचा रंग उतरला. त्यांना तुपाचा वासही सहन होईना. इकडं देणारी मंडळी समोर बसलेली, डोळे वाटीवर. दाजींना आयुष्यात कुणाला नाही म्हणता आलेलं नाही. त्यांनी वाटी घेतली, माझ्याकडं पाहिलं आणि हळूच माझ्याकडं सरकवली.

म्हणून मी प्यालो. एकीला मान आणि दुसरीला अपमान नको म्हणून दुसरी वाटी प्यालो. बारशाचं तूपसुद्धा प्यालो. त्यानंतरचं मला तुटक आठवतं. डाळिंबाच्या सावलीत बाजेवर मी पडलो होतो आणि आभाळ चकाकत होतं. तात्या कुणाला तरी सांगत होते की पेशंट बसलाय तो, आडवा झालाय तो पाव्हणा. घाबरून आपानं माझ्या पिशवीतला ओट्सचा पुडा काढला आणि पोटाला हलकं म्हणून शिजवायला घेतला. पण मला ते बघवेना. शेवटी तो सबंध पुडा तात्यांच्या शेळीपुढं ठेवला. तिनं वास घेतला, आमच्याकडं एकवार पाहिलं आणि निघून गेली.

दाजी त्यावर खूप हसले. हसता हसता खोकला आला आणि खोकला थांबेना. तात्यांचा आवाज पहिल्यांदाच बसला. त्यांनी दाजींची पाठ धरून ठेवली आणि उबळ ओसरेपर्यंत दुसरीकडं बघत राहिले. त्या दिवशी दाजींच्या पोटात डाळीचं थोडं पाणी गेलं, बाकी काही नाही.

इंदापूरकडचं पाणी

तिसऱ्या दिवशी सकाळी तात्या पुन्हा हजर. तुपाबद्दल त्यांना वाईट वाटत होतं, म्हणून ते आम्हाला उजनीच्या पाण्यावर घेऊन गेले. इंदापूरच्या बाजूला धरणाचं पाणी पसरलंय ते समुद्रासारखं. पण समुद्र म्हणायला माझी जीभ रेटत नाही. लाट नाही, खारा वास नाही. पलीकडचा काठ धुक्यात बुडालेला आणि उथळ पाण्यात रोहित पक्षी उभे. त्यांचा तो गुलाबी रंग मला तीस वर्षांत कुठल्या पेटीतल्या रंगांतून साधता आला नव्हता. मी बराच वेळ बघत राहिलो. दाजी म्हणाले की एवढं बघताय तर एकदा मान्य करा, तुमच्याकडं असलं न्हाय.

काठावर पत्र्याचं एक हॉटेल होतं. तिथं चिलापी तळून मिळते. चिलापी म्हणजे या पाण्यातला मासा, तळहाताएवढा, रुंद. आता इथं आमच्या घराण्यातला सर्वांत जुना वाद सांगणं भाग आहे. दाजी म्हणतात चिलापीपुढं सुरमई म्हणजे कापूस. मी म्हणतो गोड्या पाण्यातला मासा हा मासाच नव्हे, तो पोहणारा दुधी भोपळा आहे. आपाच्या लग्नापासून हे चाललंय. मी चिलापी कधी तोंडात घातली नव्हती आणि घालणारही नव्हतो.

पण समोर ताट आलं. वर भरपूर तिखट, लिंबाच्या फोडी. दाजी नुसते बसले होते. सोबत द्यायलाच आलोय म्हणून मी एक तुकडा मोडून तोंडात टाकला.

मासा उत्तम होता. कुरकुरीत, आतून मऊ, काटा सुटा. पण चाळीस वर्षांची भूमिका एका घासात सोडणं माझ्यानं होईना. मी तोंड वाकडं केलं आणि चिखल लागतो म्हणालो.

दाजींची मान वर झाली. "चिखल?"

"चिखल. वर शेवाळ."

"आणा हिकडं," दाजी म्हणाले.

त्यांनी माझं ताट ओढलं, लिंबू पिळलं आणि घास घेतला. चावताना ते माझ्याकडं रोखून बघत होते. म्हणाले, कुठं हाय चिखल? मी म्हणालो, शेपटीकडं. त्यांनी शेपटीकडचं खाल्लं. मग मी पोटाकडच्या भागाबद्दल वाईट बोललो. त्यांनी पोटाकडचं खाल्लं. आपा तोंडाला पदर लावून बसली होती. तात्यांना काही उमगेना. ते मला सांगायला लागले की मास्तर, चांगला लागतोय की, तेव्हा आपानं त्यांचा पाय दाबला. लिंबानं लोखंडाची चव मारली म्हणा किंवा रागानं मारली म्हणा, दाजींच्या ताटात शेवटी नुसता सांगाडा उरला होता.

दाजींनी हात धुतले आणि तात्यांना सांगितलं की कोकणातल्या माणसाला जीभ नसते.

परतीच्या वाटेवर माझी भूमिका ठरली. वाहवा करून जे साधलं नव्हतं ते निंदेनं साधलं होतं. त्या संध्याकाळी मी आपाच्या पिठल्याला भिंतीचा गिलावा म्हटलं. दाजींनी वाटीभर खाल्लं. दुसऱ्या दिवशी अंड्याच्या कालवणाला गटार म्हटलं, मुगाच्या खिचडीला आजाऱ्याची शिक्षा म्हटलं. दाजी प्रत्येक पदार्थाची बाजू घेऊन भांडायचे आणि पुरावा म्हणून खायचे. एकदा भाताला नाव ठेवायला काही सापडेना, तेव्हा मी भांड्याला नावं ठेवली. आपाला कारण माहीत होतं, तरी गिलाव्याचं तिनं मनाला लावून घेतलं. भांडी आपटत म्हणाली, आजवर कधी बोलला नाहीस ते हेच मनात होतं का.

चार दिवसांसाठी गेलेला मी आठवडाभर राहिलो. रेहानाला फोनवर ओट्स संपले एवढंच सांगितलं.

पुन्हा बारामती

केमोच्या दिवशी सकाळी आम्ही दवाखान्यात गेलो. थंडी होती म्हणून दाजींनी बंडी घातली होती. पायऱ्या चढताना ते फारच हळू चढत होते. मला वाटलं, रात्रीत पुन्हा अशक्तपणा आला की काय. मी आधाराला दंड धरला तर अंगातून खळकन आवाज आला.

आत सिस्टरनं त्यांना वजनकाट्याशी नेलं आणि बंडी काढायला सांगितली. दाजी म्हणाले, गार लागतंय. सिस्टरनं ऐकलं नाही. बंडी काढून तिनं खुर्चीवर ठेवली तर खुर्ची करकरली. तिनं ती पुन्हा उचलून पाहिली, मग खिशात हात घातला आणि एकेक वस्तू टेबलावर मांडली. नटबोल्ट, दोन बेअरिंग, तांब्याच्या तारेचं भेंडोळं. पायजम्याच्या खिशातून आणखी बोल्ट निघाले. मोटरचं निम्मं सामान टेबलावर आलं.

डॉक्टरीणबाईंना बोलावलं. वयानं त्या माझ्या जुन्या विद्यार्थिनी शोभतील अशा. त्यांनी टेबलाकडं पाहिलं, मग दाजींकडं.

"रशीदभाई, औषधाचं प्रमाण मी तुमच्या वजनावरून काढते," त्या म्हणाल्या. "हे बोल्ट धरले असते तर त्यांच्या वाटणीचं औषधही तुमच्याच अंगात गेलं असतं. मीटरचा काटा बोटानं वर ढकलून मोटर चालते का?"

"न्हाय."

"मग?"

दाजींनी टेबलावरचा एक बोल्ट उचलला आणि पुन्हा जागेवर ठेवला.

"वजन कमी भरलं तर तुमी औषध बंद करनार," ते म्हणाले. "मला अजून बंद व्हायचं न्हाय."

आपा भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागली. मग डॉक्टरीणबाईंनी स्वतः दाजींचा हात धरून त्यांना काट्यावर उभं केलं, बोल्टांशिवाय. वजन मागच्या खेपेपेक्षा थोडं जास्त भरलं. फार नाही, पण जास्त. रक्ताचा रिपोर्टही चालण्यासारखा होता. त्यांनी आपाला विचारलं की खायला कसे लागले. आपानं माझ्याकडं बोट दाखवलं. काय केलंत, असं त्यांनी मला विचारलं, तेव्हा चिलापीला नावं ठेवली एवढंच मला सांगता आलं.

मी बाहेर डॉक्टरीणबाईंना गाठून विचारलं की कोलेस्टेरॉलही वाढलं असेल का, आणि वाढलं असेल तर दाजी किती... वाक्य मला पूर्ण करता आलं नाही. त्यांनी ते पूर्ण झाल्यासारखं उत्तर दिलं. म्हणाल्या की तो एक आकडा माणसाचं आयुष्य सांगत नाही. त्यावरून आम्ही सावध होतो, एवढंच. पुढचं स्कॅन झाल्यावर कळेल, आणि तेव्हाही सगळं कळेलच असं नाही. आज ते खातायत आणि औषध घेण्याइतके उभे आहेत, ही आजची खरी गोष्ट.

सलाइन लागलं. दाजी आरामखुर्चीत पाय पसरून पडले आणि मी शेजारी स्टुलावर बसलो. बाकीच्या खुर्च्यांवर आणखी पेशंट होते. प्रत्येकाच्या शेजारी माझ्यासारखं एकेक माणूस हातात पाण्याची बाटली धरून बसलेलं. दाजींनी डोळे मिटले होते. मला वाटलं झोपले. तेवढ्यात ते डोळे न उघडताच बोलले.

"पाव्हणं, चिलापी तुमाला आवडली व्हती."

मी म्हणालो, छे.

"मी हात धुवाया उठलो तवा तुमी माझ्या ताटातलं काटं चोखत व्हता. मी बघितलं."

आता नाकारण्यात अर्थ नव्हता. मी विचारलं की माहीत होतं तर मग भांडलात कशाला आणि खाल्लंत कशाला?

"चव तर मला आजून लोखंडाचीच येतीया," दाजी म्हणाले. "पर तुमी कोकणातनं हितवर खोटं बोलाया आला. पाव्हण्याचा मान ठेवाया नगो व्हय?"

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं, एक पाण्याची टाकी होती. मी ती बारकाईनं बघितली.

आपानं डबा उघडला. आत दोडक्याची भाजी आणि मऊ भाकरी होती. वास चांगला होता. दाजींनी सलाइन नसलेला हात डब्याकडं नेला, भाकरीचा तुकडा मोडला आणि तो तसाच हातात धरून माझ्याकडं पाहिलं.

"बोला," ते म्हणाले. "आज काय वाईट हाय?"

मी दोडक्यापासून सुरुवात केली.